बुडालेल्या गावावरून

सकाळी सात वाजता, चहा घेऊन, आप्पा पत्रकांचा गठ्ठा सावरत धरणाच्या काठावर आले. जिल्हा परिषदेची ही त्यांची चौथी निवडणूक. पलीकडच्या वस्तीत मतं मागायला जायचं, तर सगुणाच्या होडीवाचून वाट नव्हती. आणि यंदा सगुणाच त्यांच्याविरुद्ध उभी होती.

"बसा आप्पा. मतदानाआधी बुडवत नाही कुणाला!" म्हणत तिने त्यांची पत्रकं भिजू नयेत म्हणून आपल्या घोंगडीखाली ठेवली.

धुक्यात वल्ह्याचं टोकही दिसत नव्हतं. वल्ह्याचे फटके मोजत ती मात्र सांगत होती, "ही चावडी. आता कुंभारआळी. जरा उजवीकडं घेते, खाली देवळाचा कळस आहे." तिने वल्हं खोल सोडलं. ते दगडावर टेकलं.

आप्पांनी वाकून पाण्यात पाहिलं. "गाव बुडालं तेव्हा केवढी होतीस गं?"

"जन्मलेच नव्हते. आईनं होडीतच दाखवलं सगळं."

पंधरा वर्षं सदस्य असलेल्या आप्पांना ते गाव केवळ फायलीतून ठाऊक होतं.

वस्तीत त्यांनी एकही पत्रक वाटलं नाही. अर्ज मागे घेण्याची मुदत त्याच दिवशी तीनपर्यंत होती. अडीच वाजता तहसील कचेरीत आप्पांनी सही केली.