आडवी पेंढी

चौथी खुंटीही उपटली आणि तंबू थकल्या बैलासारखा एका कुशीवर बसला. वैनगंगेच्या रेतीवर वारा सुटला होता. रक्षा मॅडमनी खुंटी ठोकायला पुन्हा दगड उचलला.

"ठोकून काय होते, म्याडम," व्हॅनवाला तेजराम टायरला टेकून म्हणाला. "हेडमास्तरनं सांगितलं हाये. दिवस बुडाच्या आत तंबू पक्का नाही झाला, तं पोरी वापस. बसवा गाडीत."

शाळेच्या सहा पोरी. घराबाहेरची त्यांची पहिलीच रात्र. त्यासाठी रक्षानं सहा घरचे उंबरठे झिजवले होते. आज गाडी पोरींना घेऊन परत फिरली असती, तर पुन्हा कोणत्याच आईनं हो म्हटलं नसतं.

पलीकडे रेतीतच टरबुजाची वाडी होती. तिथली म्हातारी मालनबाई काखेत भाताच्या तणसाच्या पेंढ्या आणि हातात पाण्याचा गुंड घेऊन आली.

"रेतीले काहून मारून राहिली, बाई? तिनं काय केलं तुयं?"

पोरी खुदखुदल्या. रक्षालाही हसू आलं.

मालनबाईनं हातभर खड्डा उकरला. तंबूचा दोर पेंढीच्या कमरेला बांधला, पेंढी खड्ड्यात आडवी निजवली, वर रेती लोटली, गुंडभर पाणी ओतलं आणि दोन्ही पायांनी तुडवली.

"उभी खुंटी रेती सोडते. आडवीले नाही सोडत. आमची झोपडी अशीच उभी हाये."

बाकीचे खड्डे पोरींनी उकरले. तेजरामनं येऊन दोर ओढून पाहिला. मग दोन्ही हातांनी ओढला. तो स्वतःच घसरून रेतीत बसला, दोर तसाच ताठ.

"सांगतो हेडमास्तरले," पँट झटकत तो म्हणाला. गाडी रिकामीच गेली.

रक्षानं मालनबाईचे रेतीनं भरलेले हात हातात घेतले. "मावशी, आज तुम्ही नसता तर..."

"राहू दे वो. मले येक सांग. आमी दिवाळीपासून या रेतीवर राहून राहिलो, पोटासाठी. तुमी हौसेनं आल्या. आतून कसं दिसते तं पाहू का?"

"या ना, मावशी."

मालनबाई तंबूच्या तोंडाशी थांबली. पदर डोक्यावर घेतला, चपला काढून बाजूला नीट ठेवल्या, आणि वाकून आत गेली.

मघापासून पोरी बुटांसकटच आतबाहेर करत होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. मग एकेक जण खाली बसली आणि नाड्या सोडू लागली.