बांधाला लागून असलेला गोठा

पिकअपच्या फळीवर पाय ठेवायला पहिलीच गाय तयार होईना. कौसल्यावहिनीने तिच्या पाठीवर हात ठेवला, तशी ती मुकाट्याने चढली. मागोमाग उरलेल्या तिघी. धाकटी कालवड आदल्या दिवशीच गेली होती. अजित बांधाच्या अलीकडे उभा राहून बघत होता. त्याला वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण आपलंच खरं, ही खात्री त्याहून मोठी होती.

त्याच्या ढोबळी मिरचीची पानं आखडली होती, शेंडे वळले होते. दुकानदार देईल ते औषध मारून झालं. मग मोबाइलवर एक व्हिडिओ सापडला. गाय रवंथ करते, ढेकर देते, त्यातून मिथेन निघतो. त्याने हवा तापते, हवेत ओझोन वाढतो आणि पिकांची पानं खराब होतात. अजितने मान वर केली, तर समोर बांधाला लागूनच थोरल्या भावाचा, जोतीरामचा गोठा! चोर घरातच सापडला की!

त्या दिवसापासून त्याने सांगवी गावात दुसरा विषय काढला नाही. गोठा हलवा म्हणाला. हलवायला दुसरी जागा नव्हती. भांडण झालं, बोलणं तुटलं. पुतणीच्या साखरपुड्यालाही शहाणा गेला नाही. शेवटी जोतीरामनेच हात टेकले.

“गाया परत घेता येत्यात,” तो बायकोला म्हणाला. “भाऊ कुठनं आणायचा?”

गाई गेल्या. पुढच्याच आठवड्यात रोपवाटिकेने पाठवलेल्या स्वरूपा मॅडम मिरची बघायला आल्या. त्यांनी पान उलटंपालटं केलं आणि फवारणीचा पंप मागवून त्याचा वास घेतला.

“उसातलं तण मारायलाही हाच पंप वापरता?”

“व्हय. पाण्यानं खळबळून घेतो की.”

“तेवढ्याने ते निघत नाही. तणनाशक पंपात राहिलं आणि तुम्ही ते स्वतःच्या हाताने मिरचीवर मारलंत.”

अजितने घाईघाईने गाईंचं आणि ओझोनचं काढलं. मॅडम हसल्या नाहीत. “व्हिडिओतलं खोटं नाही. पण तो मिथेन वर जातो, साऱ्या जगाच्या हवेत मिसळतो. इथल्या गाईंचा काय नि परदेशातल्यांचा काय, सगळा एकच. पलीकडच्या चार गाईंनी तुमची मिरची आखडली, असं होत नसतं.”

अजितने आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं. “मॅडम, गावात कुठं बोलू नका,” एवढंच तो म्हणाला.

जुना पंप त्याने भंगारात घातला, नवा आणला, नवी रोपं लावली. मिरची अशी तरारली की रस्त्याने जाणारा थांबून बघे. गाई गेल्या नि मिरची सुधारली, अजितला त्यातलं कळतं, असं लोक म्हणू लागले. रोज सकाळी तो ठरवायचा, आज जाऊन दादाच्या पायावर डोकं ठेवायचं. संध्याकाळी बांधापर्यंत जाऊन तो परत फिरायचा.

आणि एक दिवस जोतीराम स्वतःच बांधावर आला. कितीतरी दिवसांनी. त्याने वाकून एक पान हातात घेतलं आणि त्याचा चेहरा फुलला.

“लई झाक आलीया रं. माझ्या गायांपायी तुझं लई नुकसान झालं. मनात ठिवू नगंस.”

अजितला त्याच्याकडे बघवेना.

“एक इचारायचं व्हतं,” जोतीराम चाचरत म्हणाला. “तुला सांगितलं न्हाय, पण धाकटी कालवड इकली न्हाय मी. तुझ्या वहिनीच्या माहेरी ठिवलीया, इंदापूरकडं. गोठा मोकळा झाल्यापास्नं वहिनी तुझी धड जेवत न्हाय बघ. म्हणती, एकलीच हाय, बारकी हाय, तिला तरी आणा. आणू का? तुला त्यातलं कळतंय. तुझ्या मिरचीला तरास हुणार आसंल, तर कालवडबी इकून टाकतो.”

अजितने मोकळ्या गोठ्याकडे पाहिलं. कालवड येणार, तिथेच रवंथ करत बसणार. तिच्या नाकासमोर मिरची अशीच हिरवीगार राहणार, आणि सगळं गाव ते बघणार.

“इकून टाका, दादा,” तो म्हणाला.