वाळवीची तारीख

वकीलबाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, घरात पुन्हा वाळवी लागलीय हे पहिल्यांदा कधी कळलं?

समोर बसलेल्या नवरा-बायकोपैकी नवऱ्याचं उत्तर तयार होतं. यंदाच्या उन्हाळ्यात. आई गेल्यावर तिची खोली रिकामी करताना पलंग भिंतीपासून ओढला, तर पलंगाची पाठ हातातच आली. मागच्या भिंतीवर थेट छतापर्यंत मातीच्या रेघा चढल्या होत्या. हे सगळं त्यानं आजवर इतक्या टेबलांपुढे सांगितलं होतं, की आता सांगताना त्याचा आवाजही चढत नव्हता.

चार वर्षांपूर्वी एका कंपनीनं घरभर भोकं पाडून वाळवीचं औषध भरलं होतं आणि पाच वर्षांची लेखी हमी दिली होती. उन्हाळ्यापासून त्याच कंपनीत खेटे घालून नवरा-बायकोच्या चपला झिजल्या. कंपनीची माणसं दोनदा येऊन फवारून गेली, पण वाळवी काही दाद देईना. तिसऱ्या खेपेला तिथल्या साहेबांनी हात वर केले. ही म्हणे नवीन वाळवी. हमी होती ती जुन्या वाळवीची. जुनी कुठली आणि नवी कुठली, हे साहेबांनी कसं ओळखलं, ते त्यांनाच ठाऊक.

बाईंनी मार्ग सांगितले. आधी नोटीस. मग एखाद्या त्रयस्थ जाणकाराकडून घराची पाहणी. तरीही कंपनी बधली नाही तर ग्राहक न्यायालय. चौकटी, कपाटं, छताची तुळई, सगळ्याची भरपाई मागता येईल.

"केस चांगली आहे," त्या म्हणाल्या. "फक्त कळल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार हवी. म्हणून तारीख नीट सांगा."

नवऱ्याला जरा हायसं वाटलं. भरपाई मिळाली तर घर राहणार होतं. नाहीतर पुढच्या पावसाच्या आत बिऱ्हाड हलवा, असं मिस्त्रीनं तुळईला टेकू देतानाच बजावलं होतं.

बाई फाइल चाळू लागल्या. फाइल खरं तर सासूबाईंच्या आजारपणाची. घरात हवी तेव्हा सापडणारी तेवढी एकच, म्हणून बायकोनं कंपनीचं हमीपत्रही तिच्यातच लावून टाकलं होतं. रक्ताचे रिपोर्ट, औषधांची बिलं उलटता उलटता बाई डॉक्टरांच्या एका चिठ्ठीवर थांबल्या आणि त्यांनी ती वाचून दाखवली. तारीख तीन वर्षांपूर्वीची होती. पेशंट म्हणतात, भिंतीत कुणीतरी खातंय. झोपेची गोळी अर्धीची एक करावी.

"तिला भास व्हायचे," नवरा म्हणाला. "वय झालं होतं. कधी काय बोलेल याचा नेम नव्हता."

"बाकी काही नव्हत्या बोलत," बायको म्हणाली. "एवढंच बोलायच्या. मला बोलवायच्या, भिंतीला कान लाव म्हणायच्या. माझी कामं पडलेली असायची. एकदाही गेले नाही मी."

ती गोळी रोज तिनंच दिली होती. सासूबाई तोंड मिटून घ्यायच्या तेव्हा कुटून दुधातून दिली होती. आता तिला रडू यायला हवं होतं, पण ती इतकी दमली होती की तेही आलं नाही.

बाईंनी चिठ्ठी फाइलमधून काढली. आजारपणाच्या कागदाचं या केसमध्ये काही काम नाही, असं त्या हळूच म्हणाल्या. आणि तुम्हाला स्वतःला कळलं ते उन्हाळ्यातच, त्यात खोटं काही नाही. त्यांनी चिठ्ठी नवऱ्यापुढे धरली.

त्यानं चष्मा न लावताच, हात लांब करून ती वाचली. दोनदा वाचली. मग फाइलमध्ये होती तिथे परत लावली.

"हीच तारीख घाला."

"मग मुदत टळली. केस उभी राहणार नाही."

"नको राहू दे," तो म्हणाला. "आईनं तक्रार वेळेत केली होती, मॅडम. आम्ही तिला झोपेची गोळी दिली."