भिंतीतला खिळा

सकाळी अकराला वीज गेली, तेव्हा हर्षदाने वसाहतीच्या नियमाप्रमाणे दाराच्या फटीत रबरी पट्टी दाबून बसवली. आता सूर्य मावळेपर्यंत दार उघडायचे नव्हते. बाहेर छप्पन्न अंश होते. माणदेशातल्या या घरांच्या भिंती आतून पोकळ असत आणि त्यांतली हवा काढून घेतलेली असे. त्यामुळे वीज नसली तरी घर दिवसभर थंड राही.

पण एकच्या सुमारास खोलीतला पारा चौतीसवर गेला. पाळण्यात चार महिन्यांची मुलगी किरकिरू लागली. हर्षदा भिंतीवर तळहात फिरवत निघाली. सासूबाईंच्या फोटोपाशी हात पोळला.

"आबा, हा फोटो चिकटवलेला होता ना?"

सासरे मान खाली घालून म्हणाले, "सारखा पडायचा गं. वर्षश्राद्धाला हार घालायचा होता. एकच खिळा मारला."

"भिंतीला भोक पाडू नका, आत हवा शिरते, हे दारावरच लिहिलंय की हो."

"लिहिलंय. पण तिला काय जमिनीवर ठेवू?"

हर्षदाने फोटो उतरवला. पारा छत्तीसवर आला होता.

आबा उठले. वर्षभर कोणाला हात लावू न दिलेली ट्रंक त्यांनी उघडली आणि बायकोने शिवलेल्या सातही गोधड्या बाहेर काढल्या. हर्षदाने त्या गोधड्या पोळणाऱ्या भिंतीवर दाबून धरत खाट उभी टेकवली आणि आबा खाटेला पाठ लावून बसले.

तीन वाजता पारा सदतीसवर थांबला. सूर्य मावळायला अजून चार तास होते. फोटो पाळण्याखाली जमिनीवर होता, आणि आबांची पाठ खाटेवरून हलली नव्हती.