जुलैतला नाताळ

घाट बर्फाने बंद झाल्यावर अडकलेल्या प्रवाशांसाठी हॉटेलच्या मालकिणीने न्यूझीलंडमधल्या रिवाजाप्रमाणे तिथल्या ऐन हिवाळ्यात, जुलैतच नाताळ मांडला. सुलेखाचं ताटात लक्ष नव्हतं. रुतलेली गाडी काढायला गेलेला रमण अजून परतला नव्हता. वर्षानुवर्षं एकाच इस्पितळात राबूनही दोघांनी मनातलं बोलायचं टाळलं. आता राहूनच गेलं तर? शेवटी कुडकुडत रमण शेजारी येऊन बसला. मालकिणीने दोघांनी दोन टोकं ओढून फोडायचा नाताळचा कागदी फटाका दिला. त्यातून मुकुट निघाला. त्यात एरवी असते ती विनोदाची चिठ्ठी मात्र नव्हतीच. “मग तूच काहीतरी ऐकव,” मालकीण सुलेखाला म्हणाली. सुलेखाने मुकुट रमणच्या डोक्यावर ठेवला. “बाहेर बर्फाचे डोंगर, आत पेटला जाळ, रमणरावांचं नाव घेते, जुलैत आला नाताळ.” मराठी कळत नसूनही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुकुट सावरत रमण तिला म्हणाला, “यांना अर्थ तू सांगतेस, की मी सांगू?”