फक्त सूप हवं होतं

"मला सूप हवंय, सूप! बाटली नको!" वेल्डर हातातल्या फोनवरच खेकसला आणि लगेच त्याने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. आतल्या खोलीत बायको झोपली होती.

चार दिवस तिच्या अंगात कणकण होती. डोकं ठणकत होतं, उजेड सोसत नव्हता, अन्नाचा वास नको झाला होता. आज त्याने कधी नव्हे ती रजा टाकली. पाणी उकळण्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं. मग जेवण मागवायचं अ‍ॅप उघडलं. लग्न होऊन गेलेल्या मुलीने जाताना दोघांच्या फोनवर ते घालून दिलं होतं, खातं एकच.

उघडल्या उघडल्या बाटली. थंडगार, घाम फुटलेली. 'अर्ध्या किमतीत, दहा मिनिटांत दारात!' ती बाजूला सारली, तर दुसरी आली. पैसे भरताना तिसरी. 'सूपसोबत एक छोटीशी चालेल?' शेजारी चखण्याला तळलेल्या कोंबडीची बशी.

सोळा महिने त्याने थेंबाला शिवलं नव्हतं. बार वाटेत लागू नये म्हणून कामावरून येताना तो मैलभर वळसा घालायचा. जुने दोस्त तोडले होते. पाय आवरले, तर दुकान चालत तळहातावर येऊन बसलं होतं. त्याने कशीबशी ऑर्डर दिली आणि तक्रारीचा नंबर फिरवला.

"सर, तुमचा त्रास मी समजू शकते," पलीकडची मुलगी म्हणाली.

"काय डोंबल समजतेस! सोडलेल्या माणसाच्या तोंडापुढे बाटली नाचवता, लाजा नाही वाटत? बंद करा ते, आत्ताच्या आत्ता!"

"बंद करायची सोय नाहीये, सर. आणि जे नेहमी घेतात त्यांनाच या ऑफर जातात. तुमच्या खात्यावरून—"

"खोटारडे! चोराच्या उलट्या बोंबा! माझ्या घरात सोळा महिने बूच उघडलेलं नाही, कळलं? एकेकाला कोर्टात खेचतो, थांबा!"

त्याने फोन ओट्यावर आपटला. अंगाची नुसती लाही लाही होत होती. आता हे लोक त्याच्या नावावर बाटल्या खपवणार? बायकोने ऐकलं असतं तर? चौदा वर्षं त्या बाईने त्याची दारू मोरीत ओतली होती. त्याच्या पायांतले बूट काढले होते, सकाळी उठून त्याच्या मालकाला खोटी कारणं सांगितली होती, आणि मुलीला यातलं काही दिसू नये म्हणून आकाशपाताळ एक केलं होतं.

दारावरची बेल वाजली. पिकल्या मिशांचा एक माणूस सूपची पिशवी घेऊन उभा होता. वेल्डरला पाहून तो जरा गडबडला. मग त्याच्या खांद्यावरून आत बघत म्हणाला, "ताई बऱ्या आहेत ना?"

"तुम्ही ओळखता तिला?"

"आठवड्यातून तीनदा मीच येतो की. ह्याच वेळेला." माणूस ओशाळं हसला. "आज नुसतं सूप आहे ते बघून बरं वाटलं, साहेब."

दार लागलं. पिशवीचा चटका बोटांना बसत होता, तरी तो तिथेच उभा राहिला. कणकण, ठणकणारं डोकं, ओढलेले पडदे. ही सगळी त्याची स्वतःची, पिण्याच्या दिवसांतली दुखणी होती. दुसऱ्याच्या अंगावर त्याला ती ओळखू आली नव्हती.

तो खोलीत गेला. ती उठून बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. त्याच्या जिभेवर शिव्या आल्या, आणि त्यातली एकही त्याची नव्हती. साऱ्या त्याने तिच्याच तोंडून ऐकलेल्या होत्या.

"का?" एवढंच तो म्हणाला.

तिने मान खाली घातली नाही.

"तुम्ही प्यायचात, तेव्हा घरात कुणीतरी शुद्धीवर असायला हवं होतं," ती म्हणाली. "आता तुम्ही आहात."