रविवारचे फोटो

दात सरळ करायला आलेल्या सोळा वर्षांच्या मुलीला दातांवर घालायच्या पारदर्शक साच्यांची पेटी देऊन डॉक्टरांनी दर रविवारी मोबाईलवरून दातांचे फोटो पाठवायला सांगितलं. दात किती सरकले हे कॉम्प्युटर मोजायचा. डॉक्टर न बघताच "छान, पुढचा साचा घाल" कळवायचे. आठ महिन्यांनी तिच्या आईचा फोन आला. जेवण झालं की पोरगी चोरून ओकून टाकायची. चक्कर येऊन पडली, तेव्हा घरात कळलं. डॉक्टरांनी सगळे फोटो उघडले. दात रांगेत येत होते, पण आतल्या बाजूने उलटीतल्या आम्लाने झिजत चालले होते. ती बरी होऊन आल्यावर ते म्हणाले, "माझं चुकलं, बाळा. मी फोटो बघितलेच नाहीत." ती खुर्चीच्या हातावर बोट फिरवत राहिली. "तुमच्या तरी लक्षात येईल, असं वाटायचं," ती म्हणाली. "म्हणून मी तोंड होईल तेवढं उघडायचे."